मधुमेह : झाडपाला ताटात, गोळी वेळेवर

सकाळी सहा-साडेसहाची वेळ. बागेच्या फाटकाबाहेर एक टेबल मांडलेले असते. त्यावर स्टीलची पाच-सहा पातेली. एकात कारल्याचा रस, दुसऱ्यात दुधीचा, तिसऱ्यात कडुलिंबाचा, चौथ्यात गुळवेलीचा. फिरून आलेली मंडळी रांगेत उभी राहतात, नाक दाबून ग्लास रिकामा करतात आणि तोंड वेडेवाकडे करीत एकमेकांना सांगतात, "साखर एकदम आटोक्यात आहे हो!" मुंबई असो, पुणे असो, नागपूर असो की इंदूर, हे दृश्य सगळीकडे सारखेच.

आमच्या सोसायटीतल्या एक काकूही या रांगेत असायच्या. आठ वर्षांचा मधुमेह. दोन वेळच्या गोळ्या, रोजचे फिरणे, रात्री भिजवलेली मेथी. सारे काही नीट चालले होते. मग एका लग्नात कुणीतरी त्यांना एका चूर्णाची पुडी दिली. "शंभर टक्के वनस्पती. तीन महिन्यांत गोळ्या बंद," असे सांगितले. काकूंनी तीन महिनेही वाट पाहिली नाही. आठवड्याभरातच गोळ्यांचा डबा कपाटात गेला. "अगं, मला काही त्रासच नाही, मग कशाला ती रसायने पोटात घालायची?" असे त्या म्हणायच्या. त्रास होत नव्हता हे खरेच होते. मधुमेह दुखत नाही, हीच तर त्याची खरी खोड. चार महिन्यांनी नवी चप्पल चावली, अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. तपासले तेव्हा साखर चारशेच्या पुढे होती. अंगठा काढावा लागला.

यात दोष कुणाचा? मेथीचा नाही, कारल्याचा नाही, आयुर्वेदाचाही नाही. दोष आहे 'च्याबरोबर' आणि 'च्याऐवजी' या दोन शब्दांमधला फरक न ओळखण्याचा.

घरोघरचा प्रश्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के. चार प्रौढ माणसे एकत्र बसली की त्यांतल्या एकाला मधुमेह, असा याचा अर्थ.

इतक्या घरांत हा आजार शिरला आहे म्हटल्यावर घरगुती उपायही घरोघरी असणारच. गुजरातेत मामेजवो, केरळात एकनायकम, बंगालमध्ये तेलाकुचाची पाने, आपल्याकडे मेथी, कारले आणि जांभळाच्या बिया. हे सारेच थोतांड म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही आणि सारेच रामबाण म्हणून डोक्यावर घेणेही बरोबर नाही. एकेका वनस्पतीबद्दल खरोखर काय ठाऊक आहे, ते पाहू.

जुन्या वैद्यांनी काय सांगितले?

मधुमेह हा आपल्याकडे नवा आजार नाही. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांतलाच एक मधुमेह. सुश्रुताने तर जन्मजात आणि चुकीच्या आहार-विहारामुळे होणारा, असे दोन भाग केले. आजचे डॉक्टर ज्याला पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याची आठवण व्हावी अशीच ही विभागणी आहे.

पण गंमत पुढेच आहे. सुश्रुताने वनस्पतींच्या जोडीला आणखी काही उपाय सांगितले आहेत. रुग्ण गरीब असेल तर त्याने शंभर योजने पायी चालावे, गायी राखाव्यात, विहीर खणावी! चरकाने भातापेक्षा जवाच्या पदार्थांवर भर दिला. म्हणजे जुन्या ग्रंथांतली चिकित्सा फक्त चूर्ण-काढ्यांची नव्हती. घाम गाळणे आणि ताट बदलणे हाही तिचा मोठा भाग होता. आज आपण त्यातले चूर्ण तेवढे उचलतो आणि विहीर सोयीस्करपणे विसरतो.

मेथी : प्रश्न मात्रेचा

घरगुती उपायांत सर्वांत भक्कम आधार असेल तर तो मेथीच्या दाण्यांना. या दाण्यांचा जवळजवळ निम्मा भाग तंतुमय असतो. पाण्यात भिजवल्यावर दाणे बुळबुळीत होतात, तेच हे विरघळणारे तंतू. पोटात ते जेलीसारखे पसरतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात एकदम न शिरता हळूहळू शिरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० साली पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस मेथीची पूड जेवणातून दिली. उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून कमी झाली. मात्र दोन गोष्टी विसरू नका. पहिली म्हणजे या रुग्णांचे इन्सुलिन चालूच होते. दुसरी म्हणजे पूड होती दिवसाला तब्बल १०० ग्रॅम! आपण चिमूटभर मेथी पाण्याबरोबर गिळतो आणि तेवढ्याच फळाची अपेक्षा करतो.

मग एवढी मेथी खायची कशी? तशी गरज नाही. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील १४० जणांवर तीन वर्षे चाललेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांनी दोन्ही जेवणांपूर्वी पाच-पाच ग्रॅम मेथीची पूड पाण्यातून घेतली. ज्यांनी घेतली नाही, त्यांना मधुमेह जडण्याची शक्यता चौपटीहून जास्त आढळली. पाच ग्रॅम म्हणजे साधारण सव्वा लहान चमचा. हे कुठल्याही घराला जमण्यासारखे आहे.

सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी, कारण एकदम जास्त मेथीने पोट फुगते, जुलाब होतात. पूड कणकेत, थालीपिठाच्या भाजणीत, डोशाच्या पिठात मिसळता येते. रात्री भिजवून मोड आणलेली मेथी उसळीत घातली तर कडवटपणा कमी लागतो. आणि हो, मेथीचे लाडू म्हणजे मेथी नव्हे! त्यात जेवढी मेथी असते, त्याच्या कितीतरी पट गूळ आणि तूप असते.

कारले : भाजी खा, भरवसा ठेवू नका

कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे आपण म्हणतो. कडू म्हणून ते मधुमेहावर चालत असणार, असा सरळ हिशेब लोक मांडतात. पण कडू चवीने गोड रक्त कापले जात नाही. कारल्यात चॅरॅन्टिनसारखी काही द्रव्ये आहेत आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर त्यांचा परिणाम दिसला आहे. माणसांवरचे प्रयोग मात्र लहान आणि परस्परविरोधी आहेत. औषधांच्या चाचण्यांचा तटस्थपणे आढावा घेणाऱ्या कोक्रेन या जागतिक संस्थेने २०१२ साली कारल्यावरचे अभ्यास तपासले, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी त्याची शिफारस करावी इतका पुरावा तिला आढळला नाही.

म्हणून कारले टाकून द्यायचे का? मुळीच नाही. कमी उष्मांकाची, भरपूर तंतूंची ती उत्तम भाजी आहे. फक्त तिच्यात लिंबाएवढा गूळ घालू नका आणि काप तेलात तळून कुरकुरीत करू नका. गरोदर स्त्रियांनी कारल्याचा रस किंवा अर्क औषध म्हणून घेऊ नये.

तोंडली : दुर्लक्षित भाजी

तोंडली खाल्ली तर बुद्धी मंद होते, असे आजी सांगायची. त्यामुळे ही भाजी अनेक घरांत मुलांच्या ताटातून हद्दपार झाली. बंगालमध्ये तेलाकुचा म्हणतात तो हाच वेल. बंगळूरमध्ये मधुमेहाचे नुकतेच निदान झालेल्या ६० जणांवर तोंडलीच्या पानाफळांच्या अर्काची चाचणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तसाच दिसणारा निरुपयोगी पदार्थ. कुणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. नव्वद दिवसांनी अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १६ टक्क्यांनी उतरलेली दिसली. चाचणी लहान होती, पण पद्धत चोख होती. मात्र तो होता अर्क. भाजीने तेवढाच गुण येईल असे कुणी सिद्ध केलेले नाही. तरी आठवड्यातून दोनदा कमी तेलातली तोंडलीची भाजी करायला काय हरकत आहे?

जांभूळ : बी मोठी की नाव मोठे?

जून महिना आला की पालघरकडची टपोरी जांभळे बाजारात येतात आणि मधुमेहाचे रुग्ण टोपल्यांभोवती गोळा होतात. घरी बिया धुऊन, वाळवून त्यांची पूड करण्याची पद्धत जुनी आहे. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातही जांभळाच्या बिया मधुमेहावर वापरल्या जात.

ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर पितात. तिथल्या संशोधकांनी त्या चहाची नीट चाचणी घेतली आणि २००० साली सांगितले की, साखरेवर त्याचा परिणाम दिसत नाही. बियांची गोष्ट वेगळी असू शकते, पण त्यांच्याही मोठ्या, चोख चाचण्या झालेल्या नाहीत. फळ मूठभर खावे, ते चांगलेच आहे. पण जांभूळ मधुमेहावरचे औषध आहे म्हणून पावशेर संपवू नका. त्यातही साखर असतेच.

गुडमार : जिभेला फसवणारे पान

बेडकीचा पाला, मधुनाशिनी किंवा गुडमार या वेलीचे पान सर्वांत नवलाचे. ते चावून खा आणि मग चमचाभर साखर तोंडात टाका. साखर वाळूसारखी लागते! पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणारी केंद्रे काही वेळ अडवून ठेवतात. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हे लक्षात आले आणि १८४७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपर्यंत ही बातमी पोचली.

मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली, गोळ्या कमी करता आल्या आणि पाच जणांच्या गोळ्या बंदही झाल्या. हा आकडा जाहिरातीत हमखास सापडतो. पण उरलेल्या सतरा जणांच्या गोळ्या चालूच राहिल्या, हे जाहिरातीत सापडत नाही! शिवाय हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, घरच्या कपाटापाशी नव्हे.

बिबळा आणि सप्तरंगी

हस्तकलेच्या दुकानांत लाकडी पेले मिळतात. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळी ते तपकिरी होते. हे लाकूड बिबळ्याचे, म्हणजेच विजयसाराचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत त्याची चाचणी घेऊन १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. हे रुग्ण नुकतेच निदान झालेले होते आणि त्यांना दिला होता तो मोजून मापून केलेला अर्क. पेल्यातल्या पाण्यात किती द्रव्य उतरते, हे पेल्यागणिक बदलते. पाण्याला रंग येईनासा झाला की तो पेला केवळ शोभेचा उरतो.

सप्तरंगी ही कोकणापासून केरळपर्यंतच्या जंगलांतली वेल, एकनायकम हे तिच्याच कुळातले. श्रीलंकेत तिच्या एका बहिणीच्या लाकडाचे पेले करतात. तिच्यातील सॅलासिनॉल हे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ साली वेगळे काढले. पिठूळ पदार्थांची साखर करणारे आतड्यातले विकर ते अडवते. अकार्बोज नावाची गोळीही नेमके हेच काम करते.

गोळीसुद्धा झाडाचीच लेक

येथे एक गोष्ट सांगायला हवी. मधुमेहासाठी जगभर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. तिचे मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रोपात आहे. रोपातले मूळ द्रव्य विषारी होते. त्यात फेरफार करून, पारखून, १९५७ साली पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांना देण्याजोगे असल्याचे दाखवले. अलीकडे आलेल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा वंश सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यापर्यंत पोचतो.

म्हणजे 'गोळी म्हणजे रसायन आणि पाला म्हणजे निसर्ग' ही भांडणेच खोटी. पाल्यातही रसायनेच असतात. फरक एवढाच की, गोळीत ती किती आहेत हे मोजलेले असते, पाल्यात नसते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

२०१० साली दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्याने मृत्यू झाला. ते मधुमेही होते आणि हा रस त्यांच्या रोजच्या सवयीचा होता. पत्नीनेही तो घेतला होता, त्या आजारी पडल्या पण वाचल्या. दुधी, काकडी यांच्या कुळात कधीकधी कुकरबिटासिन ही अत्यंत कडू आणि विषारी द्रव्ये वाढतात. एरवी दुधी कडू लागला की आपण टाकून देतो. पण त्यात कारल्याचा रस मिसळला, तर धोक्याची ती घंटा ऐकूच येत नाही! यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितले की, रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर फेकून द्या आणि त्याचा रस दुसऱ्या कशातही मिसळू नका. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. यावर उतारा नाही, उपचार लवकर होणे हाच उपाय.

गुळवेलीचेही तसेच. करोनाच्या काळात तिचे काढे घरोघरी उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दिसायला सारख्या पण वेगळ्या वेलीशी होणाऱ्या गल्लतीकडे बोट दाखवले. वाद काहीही असो, रस्त्यावरच्या पातेल्यात नेमकी कोणती वेल आहे, हे तुम्ही-आम्ही कसे ओळखणार?

कुंडीतल्या 'इन्सुलिनच्या झाडा'बद्दलही हेच. त्या पानांत इन्सुलिन नसते. असते तरी तोंडावाटे घेतलेले इन्सुलिन पोटात पचून गेले असते, म्हणून तर ते टोचून घ्यावे लागते. आणि एखाद्या बिननावाच्या चूर्णाने साखर दोन दिवसांत धाडकन उतरली, तर आनंदण्याऐवजी सावध व्हा. अशा चूर्णांत साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचीच पूड मिसळलेली अनेकदा सापडली आहे.

'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणे आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. अशी जाहिरात करणारा दुसरे काही खरे सांगत असेल, असे कशावरून मानायचे?

घरच्या घरी पारख कशी कराल?

उपाय लागू पडतो की नाही, हे शेजारीण ठरवणार नाही, आकडा ठरवेल.

* काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. "ते रागावतील" म्हणून लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मेथीची पूडही विचारूनच घ्या.
* एका वेळी एकच नवा उपाय करा. मेथी, कारले आणि चूर्ण एकत्र सुरू केले, तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा हे कळणार नाही.
* उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आधी आणि तीन महिन्यांनंतर करा.
* आकडे सुधारले तर वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करायची की नाही, हे ते ठरवतील.
* गोळ्यांबरोबर वनस्पतींचे अर्क घेताना साखर फार उतरूही शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली गेली, तर तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून लगेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.
* गरोदर स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार असलेले रुग्ण यांनी चूर्णे आणि अर्क स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे मुलांबद्दल. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. १९२२ साली टोरंटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन मिळाले, त्याआधी अशी मुले वाचत नसत. अशा मुलाचे इन्सुलिन कुठल्याही पाल्यासाठी, कुठल्याही बाबाच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. त्याचा परिणाम महिन्यांनी नव्हे, काही दिवसांतच, कधी तासांत, जिवावर बेततो.

आमच्या सोसायटीतल्या काकू आता पुन्हा फिरायला जातात, जरा सावकाश. फाटकाबाहेरच्या टेबलापाशी त्या थांबत नाहीत. घरी मेथीची पूड घातलेली ज्वारीची भाकरी असते, तोंडलीची भाजी असते आणि ताटाशेजारी छोट्या वाटीत गोळी असते. परवा एका नव्या रुग्णाने त्यांना विचारले, "काकू, मेथीने खरंच फरक पडतो का हो?"

"पडतो की," काकू म्हणाल्या, "पण ती गोळीची सोबतीण आहे, सवत नव्हे."